बंद कधी पडते?

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. तो सांगलीला नोकरी करतो आणि शनिवारी मोटारसायकलवरून साताऱ्याला घरी येतो. "काका, गाडी परत बंद पडली. आष्ट्याच्या अलीकडे उभा आहे," तो वैतागून म्हणाला. गाडी नवी, इंजेक्शनवाली. महिन्याभरात दोनदा दुरुस्तीला जाऊन आली होती. तिथे तिला यंत्र जोडून तपासले होते, यंत्राने सर्व ठीक असल्याचा निर्वाळा दिला होता, आणि तरीही बॅटरी आणि एक सेन्सर अशा दोन वस्तू बदलून झाल्या होत्या.

मी त्याला एवढेच विचारले, "बंद कधी पडते?"

"कधीही पडते."

मला हसू आले. तीस वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका मिस्त्रीला मी हेच उत्तर दिले होते, आणि त्याने मला जवळजवळ हाकलून दिले होते.

तेव्हा मी बँकेत शेतीकर्जाचा अधिकारी होतो. शाखा तासगाव तालुक्यात, खोली सांगलीत आणि बिऱ्हाड साताऱ्यात. सोमवारी पहाटे साताऱ्याहून निघायचे, उंब्रज, कराड, पेठ नाका, आष्टा करीत सव्वाशे किलोमीटर कापून सांगली गाठायची. वाहन म्हणजे जुनी घेतलेली येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची ही गाडी ज्यांनी चालवली असेल त्यांना तिचे दोन सायलेन्सर आणि त्यांचा तो ठोके देणारा आवाज आठवत असेल. किक आणि गिअर एकाच दांड्याचे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचे. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. त्याच्या आदल्या वर्षी, १९९५च्या पावसाळ्यात, माझी गाडी बंद पडू लागली.

साताऱ्याहून निघाले की उंब्रजच्या आसपास ती दम टाकायची. आधी ओढ कमी व्हायची, मग गचके, मग बंद. मी उतरून प्लग काढायचा, पुसायचा, टाकीचे झाकण उघडून पेट्रोल आहे ना बघायचे, दहा मिनिटे थांबायचे. किक मारली की सुरू. कराडच्या पुढे पुन्हा तेच. दोन गॅरेजे झाली. एकाने प्लग आणि कंडेन्सर बदलला, दुसऱ्याने कॉइल बदलली आणि कार्बोरेटरचा सगळा संच नवा घातला. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजच्या दारात उत्तम चालायची आणि उंब्रजला मरायची.

शेवटी कोणीतरी सांगलीतल्या एका मिस्त्रीचे नाव सुचवले. या दोन जिल्ह्यांत इंजिनाचे कान असलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली आहेत. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तिथे नांगर आणि पुढे पंप होऊ लागले. साताऱ्यात कूपरांचा कारखाना निघाला, त्याची डिझेल इंजिने विहिरीविहिरींवर धडधडली. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सने साताऱ्यातच 'प्रिया' स्कूटर काढली. हा मिस्त्रीही विहिरीवरची इंजिने दुरुस्त करीत मोटारसायकलींकडे आलेला. मी गेलो तेव्हा तो एका फळकुटावर बसून बिडी ओढत होता. मी बदललेल्या वस्तूंची यादी सांगू लागलो. त्याने हात वर केला.

"काय काय बदललं ते ऱ्हाऊ द्या सायेब. बंद कवा पडती?"

"कधीही. कुठेही."

"मग घिऊन जावा. कुठंबी बंद पडनारी गाडी मला दुरुस्त करता येत न्हाई. गाडी ठरल्या येळंला बंद पडती. ती येळ तुम्ही बघिटली न्हाई."

मी खोलीवर परतलो आणि अपमान गिळून, बँकेतल्या सवयीने, एका वहीत टिपायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत वहीने सांगितले ते असे. टाकी काठोकाठ भरली असली की गाडी लवकर बंद पडते, अर्धी असली की उशिरा. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो की पुढचा बराच रस्ता ती शहाण्यासारखी चालते. आणि बंद पडताना ती दिवा विझावा तशी गपकन विझत नाही, धाप लागून थांबते.

वही वाचून दाखवल्यावर मिस्त्री उठला. "टाकी फुल्ल करा," म्हणाला आणि मागे बसला. तासगावच्या रस्त्याला काही अंतर गेल्यावर गाडीने दम टाकला. मी सवयीने प्लगकडे वाकलो. त्याने मला बाजूला सारले, टाकीच्या झाकणाला कान लावला आणि झाकण सावकाश फिरवले. फुस्स असा आवाज आला. बाहेरची हवा आत शिरली होती. झाकणाच्या आतून त्याने दुधाच्या पिशवीचा कापलेला गोल तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला.

तो तुकडा मीच बसवला होता. जूनच्या पहिल्या पावसात झिजलेल्या झाकणातून पाणी आत गेले, म्हणून मोठ्या हुशारीने. टाकीतून कार्बोरेटरकडे पेट्रोल आपल्या वजनाने उतरते, पण उतरलेल्या पेट्रोलची जागा घ्यायला वरून हवा यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल नीट पडत नाही, म्हणून वाणी दुसऱ्या कडेलाही भोक पाडतो, तेच हे. भरलेल्या टाकीत हवेला जागा थोडी, म्हणून ओढ लवकर बसायची. पेट्रोल बघायला मी झाकण उघडायचो तेव्हा दुरुस्ती होऊन जायची, आणि श्रेय मी पुसलेल्या प्लगला द्यायचो.

पुढे त्या फळकुटावर मी अनेक संध्याकाळी काढल्या. मिस्त्रीची रीत साधी होती. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, ठिणगी आणि हवा. यातली कोणती तुटली ते गाडी बंद पडण्याच्या तऱ्हेवरून कळते. गपकन विझली तर वायर, स्विच, कॉइल बघायची. धापा टाकत थांबली तर पेट्रोलची वाट बघायची: झाकण, कॉक, नळी, गाळणी, मग कार्बोरेटर. चोक ओढला की चालते आणि सोडला की मरते, तर पेट्रोल कमी पडते किंवा कुठून तरी फाजील हवा शिरते. कार्बोरेटरचा बारीक जेट तुंबलेला असतो नाहीतर त्याच्या आणि इंजिनाच्या मधले रबर चिरलेले असते. वेगात ठीक, पण चौकात थांबली की बंद, तरी बहुधा तोच जेट. तापल्यावर मरते आणि निवल्यावर जगते, तर मेल्या क्षणी ठिणगी तपासायची. गाडी निवू दिली की पुरावा गेला. दोन स्ट्रोकची गाडी चढाला गुदमरू लागली तर सायलेन्सरमध्ये काजळी साचलेली. आत घेतलेला श्वास बाहेर पडायलाही वाट लागते. आणि एका वेळी एकच वस्तू हलवायची. दोन बदलल्या आणि गाडी चालू लागली, तर कशाने चालली हे कळत नाही.

ही रीत जुन्या गाड्यांबरोबर गेली असे मला वाटत नाही. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ओसरल्यावर गल्लोगल्ली चिखलाने माखलेल्या मोटारसायकली उभ्या होत्या. मिस्त्री तेव्हा थकला होता, काम मुलगा बघत होता. दाराशी बसून म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगत होता, "किक मारू नगा!" इंजिनात पाणी असताना किक किंवा स्टार्टर मारला तर पाणी दबत नाही, आतला दांडा वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढायचे, टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करायचे, हवेची गाळणी बदलायची, दुधाच्या चहासारखे झालेले ऑइल दोन-तीनदा बदलायचे. ज्यांनी घाई केली त्यांच्या काही गाड्या सुरू होऊन लगेच थांबल्या, त्या पुन्हा मोठ्या खर्चावाचून चालल्या नाहीत.

आता पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते. ते मुख्यतः उसापासून आणि धान्यापासून होते, म्हणजे आमच्याच शिवारातला ऊस आमच्याच गाड्यांत जळतो. इथेनॉल पाणी ओढून घेते. जुनी गाडी अर्ध्या टाकीने पावसाळाभर उभी ठेवली आणि पाणी पुरेसे साचले, तर इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसते, आणि कॉक तळातूनच पेट्रोल घेतो. गाडी सुरू होते आणि लगेच मरते. कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल काचेच्या ग्लासात काढावे, खाली वेगळा थर दिसतो. पण हल्ली कोणत्याही गाडीचा दोष इथेनॉलवर ढकलण्याची चाल पडली आहे. त्यावरही उत्तर तेच: बंद कधी पडते ते आधी सांगा.

पुतण्याने आठ दिवस लिहून ठेवले. गाडी बंद पडत होती ती वळताना. सावकाश, हँडल डावीकडे पूर्ण वळले की. हँडलखाली चावीच्या स्विचची वायर घासून आतली तार तुटत आली होती. दुरुस्तीच्या फलाटावर हँडल सरळ असल्यामुळे यंत्राला सर्व ठीकच दिसत होते.

पण हा लेख मी गाड्यांसाठी लिहायला घेतला नाही. मिस्त्रीचा धडा मी बराच काळ गाडीपुरताच ठेवला, ते सांगायचे आहे.

आमच्या शाखेत एक द्राक्षबागाईतदार होते. गावात सगळे त्यांना तात्या म्हणत. दोन एकर बाग, लोखंडी अँगल, तारा आणि ठिबकसाठी घेतलेले कर्ज. हे खाते चालायचे आणि बंद पडायचे. १९९५, १९९६, १९९७, तिन्ही वर्षी मार्चअखेर हप्ता थकला. भाद्रपदाच्या सुमाराला तात्या येऊन दंडव्याजासह सगळे भरायचे. मग खाते अनियमित म्हणून ऑक्टोबरच्या फळछाटणीसाठी नवे पीककर्ज अडायचे, आणि ते सावकाराकडे जायचे. पुढच्या मार्चला पुन्हा तेच.

मी काय काय बदलले? जामीनदार बदलला. नोटिशीचा मजकूर बदलला. हप्ता थोडा लहान करून दिला. नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर १९९२-९३ पासून थकीत खात्यांचे नवे निकष आले होते आणि ३१ मार्च जवळ आला की वरून रोज फोन यायचा. अखेर १९९७ साली तात्यांनी वीस गुंठे विकून सगळी थकबाकी मिटवायचे ठरवले. जमीन बँकेकडे गहाण होती, विक्रीला परवानगी लागणार होती. "परवानगी द्यावी" ही शिफारस माझ्या सहीने गेली. वसुली झाली म्हणून शाखेचे कौतुकही झाले.

त्याच पावसाळ्यात एकदा गाडीच्या टाकीचे झाकण उघडताना मी थांबलो. खोलीवर न जाता शाखेत परतलो आणि तात्यांच्या खात्याचे पान काढले. भरणा झाल्याच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या. तिन्ही वर्षी पंधरा दिवसांच्या आत-बाहेर. तात्या द्राक्षे बाजारात पाठवत नसत, बेदाणा करीत. मार्चमध्ये बेदाणा रॅकवर सुकत असायचा. तो शीतगृहात ठेवायचा आणि श्रावणानंतर सणासुदीचा भाव आला की विकायचा. पैसा येण्याआधी पाच महिने हप्त्याची तारीख होती. ती ३१ मार्च कर्ज देताना छापील नमुन्यात कोणीतरी भरली होती, आणि आम्ही कोणी तिच्याकडे पाहिले नव्हते. तात्यांनी माझ्याकडे दोनदा "जरा दम धरा, माल आहे" असे म्हटले होते. ते मला नेहमीचे कारण वाटले होते.

हप्त्याची तारीख दसऱ्यापर्यंत न्यावी असा प्रस्ताव मी लिहिला. एक पान लागले. मंजुरी यायला थोडा वेळ गेला, पण आली. त्यानंतर मी त्या शाखेत होतो तोवर तात्यांचे खाते एकदाही थकले नाही.

बदली झाल्यावर निरोप घ्यायला त्यांच्या बागेत गेलो. मी काय केले आणि काय केले नव्हते ते त्यांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. बांधापलीकडे विकलेले वीस गुंठे होते, नव्या मालकाने नुकतीच छाटणी उरकली होती. तात्यांनी तिकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "बाग चांगली ठेवलीया हो त्यांनी." मग आत हाक मारून त्यांनी चहा टाकायला सांगितला.