मुंबईत बुडाले, सुप्यात पेटले
(मंदीचे दिवस : लेखांक ५)

एकेकाळी मुंबईत लोकांनी घरातल्या गाद्या उसवल्या होत्या. चोरांच्या भीतीने नव्हे, तर आतला कळकट कापूससुद्धा विकला जात होता म्हणून. एप्रिल १८६१मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. चार वर्षांत नेहमीच्या उत्पन्नावर सात-आठ कोटी पौंड जास्तीचे या शहरात आले. कापूसपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी म्हणे बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. ही गोष्ट किती खरी, देव जाणे. पण ती सांगितली जात होती आणि लोक विश्वासही ठेवत होते. तेजीची खूण तीच.

एवढा पैसा ठेवायचा कुठे? मग कंपन्या निघाल्या. बँकांच्या, जहाजांच्या आणि सगळ्यात जोरात समुद्र बुजवण्याच्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,०००च्या घरात गेला. जमीन अजून पाण्याखाली होती, भाव मात्र आभाळात. प्रेमचंद रायचंद हे या खेळातले सर्वांत मोठे नाव. त्यांच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण घेऊन कर्जे देत होती, आणि त्या कर्जांतून आणखी शेअर घेतले जात होते.

एप्रिल १८६५मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, ती बातमी आली आणि कापूस कोसळला. वायद्याचे सौदे १ जुलैला पुरे व्हायचे होते. त्या दिवशी घेणारेही बुडाले आणि देणारेही. बॅक बेच्या शेअरला पुढे दोन हजारही येईनात. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७वर आला. १८६८मध्ये बँकच गुंडाळावी लागली.

याचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम झाला, ते शिरगणतीत दिसते. १८६४मध्ये मुंबईत ८,१६,५६२ माणसे मोजली गेली होती. १८७२मध्ये भरली ६,४४,४०५. दोन्ही मोजण्या सारख्याच काटेकोर होत्या असे नाही. तरी पाचातला एक माणूस शहरातून कमी झाला, ही घट डोळ्यांआड करण्याजोगी नाही. भरावाची, बांधकामाची, गोदीची कामे थांबली की हमाल-मजूर गावाकडे वळणारच. पांढरपेशेही सुटले नाहीत. गोरगरिबांना फुकट औषध देणाऱ्या डॉ. भाऊ दाजी लाड यांची मिळकत या शेअरबाजीत गेली. ज्या वस्तुसंग्रहालयासाठी त्यांनी खटपट केली, आणि ज्याला आज त्यांचे नाव आहे, त्याचे बांधकामही पैशाअभावी रखडले. ते खुले झाले १८७२मध्ये.

बुडालेल्या व्यापाऱ्यांचे व्यवहार मिटवायला सरकारने १८६५मध्येच खास कायदा केला. हे साल लक्षात ठेवावे.

घाटावर मंदी इतक्या घाईने चढली नाही. पुणे जिल्ह्यातल्या तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातले सुपे हे बाजाराचे गाव. या कोरडवाहू मुलखात ज्वारी-बाजरी पिकायची, कापूस बेताचाच. म्हणूनच कापसाच्या मंदीचा इथे १८७५मध्ये सावकारांविरुद्ध झालेल्या दंग्याशी संबंध कितपत, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण मंदीला पिकातूनच यावे लागते असे नाही. ती उधारीतूनही येते. तेजीत कापसाच्या एकरामागे शंभर शंभर रुपये उचल मिळत होती, रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या कामांवर मजुरी होती, धान्याला भाव होता. ते सगळे आटले. पेठेतल्या मोठ्या सावकाराने हात आखडला की गावातला धाकटा सावकार जुनी बाकी मागू लागतो. नेमक्या त्याच सुमारास जमिनीच्या साऱ्याची तीस वर्षांची मुदत संपली आणि फेरआकारणीत सारा अनेक ठिकाणी निम्म्याहून जास्त वाढला. आकडे ठरवताना तेजीतले भाव समोर होते.

त्यात १८५९चा मुदतीचा कायदा. कर्जाचा दावा तीन वर्षांत लावला नाही तर तो बुडे. हेतू कुळाच्या सोयीचा, पण झाले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात घाली. शेकडा २५ दर धरून हिशेब करून पाहावा : शंभराचे तीन वर्षांनी १७५, सहा वर्षांनी ३०६, नऊ वर्षांनी ५३६. १८६६मध्ये घेतलेले शंभर रुपये १८७५मध्ये असे अंगावर येत. कुळाला वाचता येत नव्हते. अंगठा मात्र उठवता येत होता. कोर्टात गैरहजेरीत हुकूमनामा व्हायचा आणि बैलजोडी जायची.

पहिली ठिणगी शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी, १८७४च्या अखेरीस. तिथे आधी हाणामारी झाली नाही, बहिष्कार झाला. न्हावी सावकाराची दाढी करीना, पाणी भरणारा पाणी भरीना. १२ मे १८७५ला सुप्याचा बाजार भरला होता. त्या दिवशी जमाव सावकारांच्या घरांवर गेला, वह्या आणि खते बाहेर काढून जाळली. धान्याची दुकानेही लुटली गेली. पुढे पुणे-नगर भागातल्या तीसहून अधिक गावांत तेच. मारहाण तुलनेने कमी होती. खत हाती दिले की जमाव बहुधा पुढे जाई. कोर्ट कशावर चालते हे त्या निरक्षर माणसांना पक्के ठाऊक होते.

मुंबईच्या दिवाळखोरांना कायदा बुडाले त्याच वर्षी, १८६५मध्ये, मिळाला. दख्खनच्या शेतकऱ्याला तो मिळायला १८७९ साल उजाडले. या कायद्याने कोर्टाला खतामागचा मूळ व्यवहार तपासता येऊ लागला, कर्जापायी कुळाला तुरुंगात धाडणे बंद झाले. सावकारांनीही मग वाट काढली. कोर्ट गहाणखत उकरते आहे असे दिसल्यावर अनेक जण कर्ज देताना थेट जमिनीचे खरेदीखतच लिहून मागू लागले, आणि पैसे फिटले की जमीन परत, हे फक्त तोंडी ठरू लागले.