घड्याळाला स्टेथोस्कोप लावणारा चार्ली

१९१६ च्या ‘द पॉनशॉप’ या मूकपटात चार्ली चॅप्लिन गहाणवटीच्या दुकानात नोकर आहे. गिऱ्हाईक गजराचं घड्याळ घेऊन येतं. चार्ली त्याला स्टेथोस्कोप लावतो, मग डबा फोडायच्या हत्याराने ते उघडतो आणि आत नाक घालून हुंगतो. घड्याळ आधी रोगी होतं, मग खाण्याचा डबा. कवी शब्दांत बांधतो ते रूपक इथे नुसत्या हातांनी घडतं. युरोपातले प्रयोगशील कवी-चित्रकार या विनोदावर लुब्ध झाले, त्याचं मूळ मला इथे दिसतं. वस्तूला तिच्या नेमून दिलेल्या कामातून सोडवणं त्यांनाही हवं होतं.

पॅरिसचा शार्लो

फ्रेंच प्रेक्षक चार्लीला ‘शार्लो’ म्हणत. कवी लुई आरागाँची छापून आलेली पहिली कविता (१९१८) त्याच्यावरच होती. चित्रकार फर्नां लेजे पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवरून रजेवर आला असताना कवी अपोलिनेअरबरोबर चार्लीचा चित्रपट पाहून आला. टोपी, मिशी, काठी, बूट एवढ्या आकारांत पुरा उभा राहणारा हा माणूस घनवादी चित्रकाराला आपला वाटला नसता तरच नवल. लेजेने रंगीत लाकडी तुकड्यांचा शार्लो जोडला आणि १९२४ च्या ‘बॅले मेकॅनिक’ या चित्रपटात आरंभीच त्याला नाचवलं. पुढे पडद्यावर भांडी आणि यंत्रांचे भाग नाचतात, आणि पाठीवर ओझं घेतलेली बाई तोच जिना पुन्हापुन्हा चढत राहते.

त्याच वर्षी दिग्दर्शक रेने क्लेअर आणि चित्रकार पिकाबिया यांचा ‘आंत्राक्त’ हा लघुपट आला. त्यात शववाहिका उंट ओढतो. ती सुटून धावू लागते आणि काळ्या कपड्यांतली प्रतिष्ठित मंडळी मागे पळत सुटतात. हा पाठलाग थेट विनोदी मूकपटांतून उचललेला आहे. शेवटी मेलेला माणूस पेटीतून उठतो आणि एकेकाला गायब करतो. प्रतिष्ठेची इतकी निखळ फजिती प्रतिष्ठित कलेची टर उडवणाऱ्या दादावाद्यांच्या कुठल्याही जाहीरनाम्याला साधली नाही, असं माझं मत आहे.

रशियात

चार्लीचं हे वेड रशियातही होतं. पेट्रोग्राडच्या तरुण नाट्यकर्मींच्या ‘फेक्स’ गटाने थोर अभिनेत्री एलेओनोरा दूझेच्या हातांपेक्षा चार्लीचं ढुंगण सरस ठरवलं. चित्रकार वार्वारा स्तेपानोव्हाने १९२२ मध्ये ‘किनो-फोत’ मासिकासाठी त्याची भौमितिक चित्रं काढली.

कीटनचा चेहरा

चार्लीसारखाच मूकपटांतला विनोदवीर, अमेरिकन बस्टर कीटन पडद्यावर सहसा हसत नसे. ‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये (१९२४) तो स्वप्नात पडद्यावरच्या चित्रपटात शिरतो. तिथे तो जागेवरच असतो, पण भोवतीची बाग रस्ता होते, रस्ता कडा होतो, मग सिंह, वाळवंट, समुद्र. स्वप्नाची हीच रीत अतिवास्तववादी कवितेत शोधत होते. स्पॅनिश कवी लोर्काने १९२५ मध्ये कीटनवर छोटी नाटिका लिहिली. तीत कीटन लाकडी खंजिराने आपली चारही मुलं मारतो आणि सायकलवरून फिरायला निघतो. लोर्काने तोवर अमेरिका पाहिली नव्हती. या निर्विकार चेहऱ्यामागची भीती मात्र त्याने अचूक ओळखली.

१९६४ मध्ये नाटककार सॅम्युएल बेकेटने आपल्या एकमेव चित्रपटासाठी कीटनलाच घेतलं आणि अगदी अखेरपर्यंत त्याला कॅमेऱ्याकडे पाठ करून ठेवलं.