युद्धात बंदी, रस्त्यावर मुभा

महाड तालुक्यातल्या फौजी आंबवडे या गावातून पहिल्या महायुद्धात 111 जण लढायला गेले, त्यांतले 6 परतले नाहीत. महाड-पोलादपूरच्या डोंगरी गावांतून पलटणीत भरती होण्याची रीत जुनीच. त्या युद्धात मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात लढल्या. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलाच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या मात्र फ्रान्सला गेल्या आणि रासायनिक युद्धाच्या अगदी सुरुवातीच्या एका प्रयोगाच्या जागी जाऊन पोहोचल्या.

ती जागा न्यूव्ह शापेल. 27 ऑक्टोबर 1914 रोजी जर्मनांनी तिथे सुमारे 3000 तोफगोळे डागले. त्यांत शिशाच्या गोळ्यांभोवती डायॲनिसिडीन क्लोरोसल्फोनेटची भुकटी ठासलेली होती. नाका-घशाची आग होऊन, शिंका देत शत्रूने जागा सोडावी, हा बेत. प्रत्यक्षात समोरच्यांना काही जाणवलेच नाही. दुसऱ्या दिवशी सॅपर्स 47व्या शीख पलटणीबरोबर संगिनी लावून त्याच गावात शिरले आणि घराघरांत झुंजले. त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी ठार किंवा जखमी झाले, पण ते नेहमीच्या शस्त्रांनी.

शिशाच्या गोळ्या का? 1899च्या हेग जाहीरनाम्यात, घातक वायू पसरवणे हाच ज्यांचा एकमेव हेतू अशा तोफगोळ्यांना बंदी होती. सोबत शिसे भरले की हेतू एकमेव राहत नाही! फ्रेंचांनी तर ऑगस्ट 1914 मध्येच डोळ्यांची आग करणारे वायुगोळे वापरले होते. ‘यात कुणी मरत नाही’ ही सबब पुढे फार महागात पडली. 22 एप्रिल 1915ला ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन सोडला. तेव्हा तोफगोळे नव्हतेच, थेट सिलिंडर उघडले होते. चारच दिवसांनी आपली लाहोर डिव्हिजन त्या वायूत सापडली. मुखवटे नव्हते, नाकातोंडावर ओले कापड धरणे एवढाच उपाय.

डोळ्यांची आग करण्याची तीच कल्पना आज पोलिसांच्या अश्रुधुरात दिसते; त्यांच्या नळकांड्यांत बहुधा सीएस नावाचे रसायन असते. ते 1928 साली अमेरिकेत तयार झाले. हे मुळात वायू नव्हे, बारीक भुकटी. बुबुळावरच्या मज्जातंतूंच्या टोकांना ‘टीआरपीए1’ नावाची प्रथिने असतात, मोहरीचा झणका ओळखणारी. सीएसचे कण त्यांना चिकटतात आणि मेंदूला जळजळीचा संदेश जातो. डोळ्यांना येणारे पाणी ही शरीराने स्वतःच चालवलेली धुलाई. म्हणून डोळे चोळू नयेत. मोकळ्या हवेत जावे, भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत आणि कपडे बदलावेत. बंद खोलीत, दमेकऱ्यांना किंवा लहान मुलांना हा धूर गंभीर इजा करू शकतो.

1993च्या रासायनिक शस्त्रबंदी कराराने अश्रुधूर युद्धात वापरायला मनाई केली. त्याला कारण आहे. आलेला ढग साधा की जीवघेणा हे खंदकातल्या माणसाला कळत नाही आणि उत्तर म्हणून तो त्याहून वाईट सोडतो. भारताने हा करार 1996 मध्ये मान्य केला. त्याच करारात पोलिसांना मात्र कायदा-सुव्यवस्थेसाठी अश्रुधुराची मुभा आहे. सीमेवरच्या शत्रूवर जे सोडता येत नाही, ते आपल्याच माणसांवर सोडताना नियम अधिक कडक हवेत. बंद जागेत आणि जवळून नळकांडी फोडण्यास सक्त मनाई असलीच पाहिजे.