मेंदू, संप्रेरके आणि डॉ. आनंदकुमार

स्त्रीच्या ऋतुचक्रावर अंडाशयाइतकीच मेंदूचीही सत्ता चालते. मेंदूच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस संदेश देतो, तेव्हाच पोष ग्रंथी आपली संप्रेरके रक्तात सोडते. या व्यवस्थेचा शोध टी. सी. आनंदकुमार यांनी ऱ्हीसस माकडिणींमध्ये घेतला. त्या भागाच्या रचनेत प्रजननाशी निगडित बदल घडतात, असे त्यांनी फ्रान्सिस नोल्स यांच्यासमवेत १९६९ मध्ये दाखविले. पुढे दिल्लीस त्यांनी माकडिणींच्या नाकात प्रोजेस्टेरॉन फवारून त्याचा शरीरातील प्रवास मोजला.

मुंबईच्या प्रजनन संशोधन संस्थेचे ते संचालक असताना, केईएम रुग्णालयातील डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या सहकार्याने ६ ऑगस्ट १९८६ रोजी परीक्षानळीतून गर्भधारणा झालेली बालिका जन्मली. भारतातील हे पहिलेच बालक, अशी नोंद झाली.

कालांतराने कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांची टिपणे त्यांच्या हाती आली. संप्रेरके देऊन अनेक बीजांडे मिळवावीत, गर्भ गोठवून ठेवावा, ही मुखर्जींची रीत. तिचे फळ ३ ऑक्टोबर १९७८ रोजीच जन्मले होते. परंतु सरकारी समितीने ते अमान्य केले, आणि १९८१ मध्ये मुखर्जींनी आत्महत्या केली. आनंदकुमारांनी टिपणे बारकाईने तपासली. १९९७ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून पहिलेपणाचा मान त्यांनी मुखर्जींना दिला, तोवर तो त्यांच्या स्वतःच्या नावावर होता.