टीव्हीला जोडायचा खिशातला संगणक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला जोडायचे खिशातले संगणक मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला कांडीसारखा. मुंबईच्या आयबॉल कंपनीने जुलै २०१५ मध्ये ८,९९९ रुपयांना आणलेला ‘स्प्लेंडो’ या प्रकारातला: इंटेलचा ॲटम प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण आणि विंडोज ८.१. दुसरा प्रकार म्हणजे ब्रिटनमध्ये २०१२ साली बाजारात आलेला रास्पबेरी पाय; एटीएम कार्डाएवढा उघडा सर्किट बोर्ड.

सिनेमे दाखवणारी स्टिक आणि हा संगणक एकच, असे अनेकांना वाटते. स्टिक प्रामुख्याने व्हिडिओ दाखवण्यासाठी बनवलेली असते. या संगणकावर कीबोर्ड-माऊस जोडून मराठी टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, अर्ज भरणे आणि प्रोग्रॅमिंगही करता येते. त्यासाठी स्मार्ट टीव्ही लागत नाही, एचडीएमआय पोर्ट असला की पुरे. चित्राच्या कडा कापल्या गेल्या तर दोष बहुधा टीव्हीच्या चित्र-आकाराच्या सेटिंगमध्ये असतो.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज विजेचा आहे. ‘टीव्हीला लावला की चालतो’ हे खरे नाही. एचडीएमआयमध्ये वीज संगणकाकडून टीव्हीकडे जाते आणि तीही नाममात्र असते. त्यामुळे संगणकाला स्वतंत्र ॲडॉप्टर लागतोच. टीव्हीच्या यूएसबी पोर्टवर तो चालवण्याचा मोह होतो, पण जुन्या पद्धतीच्या यूएसबी पोर्टला साधारण अर्धा अँपिअर प्रवाह देण्याचीच मर्यादा असते आणि रास्पबेरी पाय ४ साठी ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा ॲडॉप्टर सांगितलेला आहे. वीज कमी पडली की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकावी तशी खूण उमटते, यंत्र मंदावते किंवा मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते. दोष प्रोसेसरला दिला जातो. खरे कारण ॲडॉप्टर असतो.

नांदेड-लातूरकडे लाईट अचानक जाण्याची सवय लोकांना आहे, या यंत्राला नाही. रास्पबेरी पायची संपूर्ण प्रणाली सहसा मायक्रोएसडी कार्डावर असते. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइली अर्धवट राहतात आणि पुढच्या वेळी संगणक कधीकधी सुरूच होत नाही. लॅपटॉपला बॅटरी सांभाळून घेते; इथे ती नसते. म्हणून टीव्ही आणि संगणक दोन्ही इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्यावेत, काम संपल्यावर मेनूतून ‘शट डाउन’ करावे आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. लाईट गेल्यावर पॉवर बँकेवर एकटा संगणक चालवला तरी टीव्ही बंद असल्याने पडदा काळाच राहतो.

वैशाखातली उष्णताही मोजावी लागते. रास्पबेरी पायची चिप ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की स्वतःहून वेग कमी करते. भिंतीला टेकलेल्या टीव्हीमागे हवा खेळत नाही. छोटी एचडीएमआय वायर लावून यंत्र बाहेर घ्यावे.

‘स्वस्तात पूर्ण संगणक’ हा हिशेबही अर्धवट आहे. किमतीत कीबोर्ड, माऊस, कार्ड आणि चांगला ॲडॉप्टर धरावा लागतो. नीटची तयारी करणाऱ्या मुलाला व्हिडिओ तासिका आणि पीडीएफसाठी ४ जीबी रॅमचा बोर्ड पुरतो. जुनी विंडोज कांडी मात्र घेऊ नये: विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते.