बुद्धिमापन आणि भाषा : मानसशास्त्रीय संशोधकाच्या कार्याचे एक अंग

मानसशास्त्राचा संशोधक म्हटला म्हणजे प्रयोगशाळा, उपकरणे व सांख्यिकीची कोष्टके डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु ज्याने मराठी मुलांची बुद्धी मोजण्याचे कार्य अंगावर घेतले, त्याच्या आयुष्याची कित्येक वर्षे वस्तुतः शब्द पारखण्यात जातात. व्ही. व्ही. कामत यांचे कार्य या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

पॅरिस येथे बिने व सिमाँ यांनी १९०५ मध्ये रचलेल्या कसोटीची स्टॅनफर्ड आवृत्ती टर्मन यांनी १९१६ मध्ये सिद्ध केली. कामत यांनी धारवाड येथे तिचे कानडी व मराठी मुलांसाठी रूपांतर केले. त्यासंबंधीचा त्यांचा निबंध १९३४ मध्ये व ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. ही कसोटी सामुदायिक नव्हे; प्रत्येक मुलासमोर स्वतंत्रपणे बसावे लागते, त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत टिपावे लागते, आणि कोणता प्रश्न कोणत्या वयास योग्य हे अशा शेकडो बैठकींनंतरच ठरविता येते. पदोन्नतीच्या हिशेबात अशा श्रमांना फारसे मोल मिळत नाही, हे येथे नमूद करावयास हवे.

दोन भाषांची अडचण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ऐकलेले अंक त्याच क्रमाने म्हणून दाखविणे हा या कसोटीतील एक प्रश्नप्रकार होय. मराठीत एक, दोन, तीन, चार हे अंक उच्चारात एकावयवी आहेत. कानडीत ‘ओंदु’, ‘मूरु’, ‘नाल्कु’ हे द्व्यवयवी, तर ‘एरडु’ त्र्यवयवी आहे. म्हणजे अंकांची संख्या तीच असली तरी स्मृतीवरील भार तोच राहत नाही. वेल्श व इंग्रजी या भाषांच्या बाबतीत एलिस व हेनेली यांनी १९८० मध्ये नेमके हेच दाखविले. प्रश्नाचे भाषांतर बिनचूक असूनही मापन चुकू शकते, ते असे.

आता धारवाडहून मुरबाड तालुक्यातील धसईकडे वळू. आसपासच्या वाड्यापाड्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी समाजांची वस्ती आहे. बिने यांची कसोटी ज्या वर्षी निघाली त्याच वर्षी, १९०५ मध्ये, ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड प्रसिद्ध झाला. त्यात ठाकरी व कातकरी बोलींची स्वतंत्र नोंद आहे. एकाच्या कामाची दुसऱ्यास बहुधा वार्ताही नसावी! ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलास ग्रांथिक मराठीत शब्दार्थ विचारला आणि ते गप्प राहिले, तर ते मौन आकलनाच्या अभावाचे की प्रश्नाच्या परकेपणाचे? बिने-कामत कसोटी बौद्धिक अक्षमतेच्या निदानासाठी आजही वापरली जाते. बुद्ध्यंक सत्तरच्या खाली गेला की मुलाची शाळा व त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी, दोन्ही बदलतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

टर्मन यांच्या आवृत्तीत सहा वर्षांच्या मुलास नाणी ओळखावयास सांगितले आहे. धसई हे डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून गाजले. पुढे तेथे नाणी चालली की नाही हा मुद्दा अलाहिदा. परंतु नाण्याची ओळख हे सहाव्या वर्षाचे लक्षण मानावे की सातव्या, हे ठरविण्यासाठी संशोधकास पुन्हा एकेका मुलासमोर बसावे लागेल, आणि प्रश्न त्या मुलाच्या बोलीत विचारावा लागेल.