सतरंजीवरची भातवडी

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीत मातीचे किल्ले उभे राहतात. शिवनेरी ज्या तालुक्यात आहे, तिथली मुलं किल्ला करणार नाहीत तर कोण करणार? माती आणायची, अळीव पेरायचे, बुरुजावर मावळे मांडायचे. या कामात आपली मुलंही असतात आणि चिखलात सगळ्यांचे हात सारखेच माखतात. अडचण येते ती किल्ला पूर्ण झाल्यावर, लढाई सुरू होताना. मागच्या वर्षी सातवीतला एक मुलगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, दर वेळी मोगल मलाच का करतात?"

आम्ही त्याला समजावलं, "अरे, खेळ आहे." पण उत्तर देताना आमचंच मन खात होतं. मुलं भांडत नव्हती, कुणी कुणाला हिणवत नव्हतं. त्यांना वाटणी एवढीच ठाऊक होती: नाव मुसलमानाचं, तर बाजू समोरची. ही वाटणी भाषणाने मोडणार नव्हती. खेळातून आली होती, तर खेळातूनच जायला हवी होती.

इतिहासातली लढाई टेबलावर मांडून खेळायची रीत परदेशात जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यात रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने 1824 साली नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन अधिकाऱ्यांना शिकवायचा खेळ रूढ केला. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने 1913 साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर पुस्तकच लिहिलं. आजही तिकडे हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी जमतात, बोटभर उंचीचे शेकडो शिपाई रंगवून मोठ्या टेबलावर मांडतात आणि दिवसभर एक लढाई खेळतात.

आम्ही तीन घरांतली आठ मुलं आणि दोन मोठी माणसं जमवली. फाशांचा खेळ हदीसमध्ये मना आहे, आणि काही घरांत पुतळेही नको होते. त्याचं उत्तर या खेळाच्या इतिहासातच सापडलं. 1876 साली फेर्डी दु व्हेर्नुआ या जर्मन सेनानीने फासे आणि किचकट नियम बाजूला ठेवून निकाल अनुभवी पंचावर सोपवला होता. मग आम्ही पंच झालो. चिंचोके झाले घोडेस्वार, वाल झाले पायदळ, बाटलीची बुचं झाली तोफा. घोडेस्वार एका डावात दोन विती जाणार, पायदळ एक वीत, तोफ चार बोटं. प्रत्येक बाजूने हुकूम चिठ्ठीवर लिहून द्यायचा. चिठ्ठी वाचता आली नाही, तर हुकूम रद्द! त्या आठवड्यात मुलांचं अक्षर जेवढं सुधारलं, तेवढं आमच्या वर्षभराच्या ओरडण्याने सुधारलं नव्हतं.

लढाई निवडली भातवडीची, साल 1624. अहमदनगरजवळच्या या गावी निझामशाहीचा वजीर मलिक अंबर आणि समोर मोगल व आदिलशाही यांच्या एकत्र फौजा अशी ही लढाई झाली. आपलं जुन्नर एके काळी याच निझामशाहीची राजधानी होतं. हबशी गुलाम म्हणून दख्खनला आलेला हा माणूस इथे राज्याचा कारभारी झाला होता.

सरदारांच्या नावांच्या चिठ्ठ्या मुलांनाच ठेवायला सांगितल्या. एका बाजूला मलिक अंबर, शहाजीराजे भोसले, त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी. दुसऱ्या बाजूला मोगलांचा लष्करखान, आदिलशाहीचा मुल्ला मुहम्मद लारी आणि लखुजी जाधव. चिठ्ठ्या ठेवता ठेवता मुलं थांबली. "सर, लखुजी जाधव म्हणजे जिजाऊंचे वडील ना? मग ते मोगलांकडे कसे? आणि जावई समोर?" आम्ही म्हटलं, "खेळा, मग सांगतो."

सातवीतला तो मुलगा मलिक अंबर झाला. पहिल्या दिवशी त्याने सगळे चिंचोके एकदम पुढे रेटले आणि तासाभरात हरला. दुसऱ्या दिवशी आम्ही समोरच्या छावणीत ज्वारीची वाटी ठेवली. दर डावाला मूठभर ज्वारी कमी होणार. ज्वारी संपली, की शिपाई पळू लागणार. मग त्याला उमगलं. तो समोर जाईनाच. रात्रीचे छापे घालू लागला, रसद तोडू लागला. आणि भातवडीच्या तलावाचा बांध फोडायचा हुकूम त्याने चिठ्ठीवर लिहिला, तसा अंबरने खरोखरच फोडला होता. बहिणीची निळी ओढणी सतरंजीवर पसरली. चिखलात तोफा जागच्या हलेनात. मगरिबच्या अजानच्या आत मोगल हरले होते. खऱ्या लढाईत लारी मारला गेला, लष्करखान कैद झाला.

शहाजीराजे झालेली मुलगी खुशीत होती. तिला आम्ही सांगितलं, की त्या लढाईत शरीफजी कामी आले. या दोघा भावांची नावं अहमदनगरच्या शाह शरीफ या अवलियावरून ठेवली, अशी परंपरा आहे. ती म्हणाली, "म्हणजे मुसलमान वजिरासाठी लढले आणि मुसलमान फौजेशी लढताना गेले?" आम्ही म्हटलं, "हो. जिथे चाकरी, तिथे इमान."

वाचकहो, याचा अर्थ त्या काळी सगळं गोडीगुलाबीचं होतं असा नाही. लढाईत माणसं मरतात, गावं उजाड होतात. ज्वारीची वाटी रिकामी होताना मुलांनी ते पाहिलं. पण बाजू नावावरून ठरत नव्हती, हे त्यांना कुणी पढवावं लागलं नाही. आपल्या घरात हा खेळ करायला सतरंजी, मूठभर चिंचोके आणि शांत डोक्याचा एक पंच पुरतो. मात्र आधी पंचाने त्या लढाईचा नीट अभ्यास करावा. मुलं फार प्रश्न विचारतात.

यंदाच्या दिवाळीत पुन्हा किल्ला झाला. तो मुलगा मित्रांना सांगत होता, "मोगलांकडून मी खेळतो, चालेल. पण मग लखुजी जाधव कोण होणार, बोला!" दोन हात वर झाले.